पाळी चुकायच्या आधीच दिवस गेल्याचं कळतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २७. पाळी दर ३५-३६ दिवसांनी येते. शेवटची पाळी ४ ऑगस्टला आली. १८ आणि २४ ऑगस्टला संबंध आला. २२ तारखेपासून मळमळ, छाती जड, दिवसभर झोप. १ आणि ४ सप्टेंबरला घरी टेस्ट केली, दोन्ही वेळा एकच रेघ. जाऊबाईंना पाळी चुकायच्या आधीच उलट्या सुरू झाल्या होत्या, मग मला दिवस गेले आहेत का? उद्या हरतालिका आहे, १० तारखेला गौरी येणार, आणि सासूबाई म्हणतात पाळी पुढे ढकलायची गोळी घे. घेऊ का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याला वेळ नाही. ती गोळी घेऊ नका. ती पाळीच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करतात, म्हणजे तुमच्या हातात ती आज-उद्याच ठेवली जाईल. त्या गोळीत नोरेथिस्टेरॉन नावाचं कृत्रिम प्रोजेस्टेरॉन असतं, म्हणजे बाईच्या शरीरात तयार होणाऱ्या एका संप्रेरकाची नक्कल. मूल हवं म्हणून प्रयत्न चालू आहेत आणि गर्भ राहिला की नाही हे अजून ठरायचं आहे, अशा दिवसांत ती घ्यायची नसते. शिवाय तिच्यामुळे मळमळतं, छाती दुखते, पोट फुगतं आणि पाळी तर लांबतेच. ज्या खुणांवरून तुम्ही अंदाज बांधताय, नेमक्या त्याच खुणा ती गोळी तयार करते. गणपती झाल्यावर दवाखान्यात अशा कितीतरी जणी येतात, ज्यांना पाळी गोळीने थांबली की गर्भाने, हेच सांगता येत नाही. ज्यांनी नकळत दोन-चार गोळ्या घेतल्या आणि नंतर टेस्ट पॉझिटिव्ह आली, त्यांनी मात्र घाबरून गर्भपाताचा विचार करू नये. गोळी थांबवावी आणि डॉक्टरांना सांगावं, एवढं पुरे. सासूबाईंना सांगा की डॉक्टर नको म्हणाल्या. पाळी आलीच तर गौरीचं घरातलं दुसरं कोणी करील. पाळीत पूजेला हात लावायला हरकत नाही असं माझं स्वतःचं मत आहे, पण तुमच्या घरचा रिवाज तुम्ही ठरवा. औषधाच्या बाबतीत माझं ऐका.

हरतालिकेचा उपवास करायचा असेल तर निर्जळी नको. पाणी, दूध, शहाळं, फळं घेत राहा. एका दिवसाच्या उपवासाने गर्भ पडत नाही, ती भीती नको. पण दिवसभर पाणी नाही, त्यात जागरण, मग दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं, पित्त होतं, मळमळतं आणि त्याचाही अर्थ लावत बसावं लागतं.

आता तारखांकडे येऊ. तुम्ही तारखा लिहिल्यात म्हणून मला नेमकं काही सांगता येतंय. बहुतेक जणी लक्षणं सविस्तर सांगतात आणि तारखा विचारल्या की थांबतात.

स्त्रीबीज चौदाव्या दिवशी बाहेर पडतं असं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. मोबाइलमधलं ॲपही तुमच्या पाळीची नीट नोंद नसेल तर तोच हिशोब धरतं. तो २८ दिवसांच्या पाळीचा हिशोब आहे. पाळी लांब किंवा आखूड होते ती मुख्यतः पहिल्या भागामुळे, म्हणजे बीज तयार व्हायला किती दिवस लागतात त्यावरून. बीज बाहेर पडल्यानंतर पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बऱ्यापैकी ठरलेला असतो, साधारण १४ दिवसांचा. कोणाचा दोन-तीन दिवस कमी, कोणाचा जास्त. म्हणून मोजायचं ते पुढच्या पाळीपासून मागे. तुमची पाळी ३६ दिवसांची धरली तर पुढची ९ सप्टेंबरला यायला हवी. त्यातून १४ दिवस मागे गेलं की २६ ऑगस्ट येते. तुमचं बीज साधारण २६ ऑगस्टच्या आसपास बाहेर पडलं असणार.

पुरुषबीज आत फार तर पाच दिवस जगतं, स्त्रीबीज १२ ते २४ तास. म्हणजे १८ तारखेच्या संबंधातून गर्भ राहण्याची शक्यता फार कमी, २४ तारखेच्या संबंधातून चांगली आहे. आणि २२ तारखेला, जेव्हा तुम्हाला मळमळायला लागलं, तेव्हा बहुधा बीज बाहेरच पडलेलं नव्हतं. समजा या महिन्यात ते आधी पडलं, २० तारखेला पडलं असं धरलं, तरी २२ ला गर्भामुळे मळमळ होऊ शकत नाही.

याचं कारण सांगते. बीज फळतं ते गर्भनलिकेत. तिथून गर्भ पेशी वाढवत वाढवत चार-पाच दिवसांनी गर्भाशयात पोहोचतो, आणि मग अस्तरात रुजतो. रुजल्यानंतरच त्याच्या बाहेरच्या पेशींमधलं एचसीजी हे संप्रेरक आईच्या रक्तात येऊ लागतं. तोवर आईच्या शरीराला गर्भाची खबर देणारं, लक्षणं निर्माण करण्याइतकं काहीही पोहोचलेलं नसतं. हे रुजणं नेमकं कधी होतं, याचा फार चिकाटीने झालेला एक अभ्यास आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात १९८० च्या दशकात ॲलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूल हवं असलेल्या २२१ स्त्रियांची रोज सकाळची लघवी तपासली. १९९९ साली त्यांनी छापलं की टिकलेल्या गर्भांमध्ये एचसीजी पहिल्यांदा दिसलं ते बीज बाहेर पडल्यानंतर ६ ते १२ दिवसांत, आणि ८४ टक्के जणींमध्ये आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी. तुमच्या बाबतीत तो काळ ३ ते ५ सप्टेंबरचा येतो. १ तारखेची टेस्ट निगेटिव्ह येणारच होती. ४ तारखेचीही तशीच आली यात नवल नाही. त्या दोन टेस्टवरून दिवस गेले नाहीत असं म्हणता येत नाही, आणि गेले आहेत असंही नाही.

मग २२ तारखेपासून जे होतंय ते खोटं का? अजिबात नाही. तुम्हाला मळमळतंय म्हणजे मळमळतंय. बीज बाहेर पडायच्या आधी इस्ट्रोजेन वाढतं, त्याने काहींची छाती भरून येते. बीज बाहेर पडल्यानंतर प्रोजेस्टेरॉन चढतं, आणि ते गर्भ राहो न राहो, दर महिन्याला चढतं. त्याने आतडी मंदावतात, पोट फुगतं, शौचाला साफ होत नाही, झोप येते, स्तन दुखतात, चिडचिड होते, अंग किंचित कोमट लागतं. पाळीच्या आधीचा त्रास आणि गर्भारपणाची पहिली चाहूल एकसारखी वाटते, कारण दोन्हीमागे संप्रेरक एकच आहे. पाळी चुकेपर्यंत या दोन्हींतला फरक लक्षणांवरून मला ओळखता येत नाही, आणि तो ओळखू शकणारं कोणी मला भेटलेलं नाही. जी बाई मूल व्हावं म्हणून वाट पाहत असते ती दर महिन्याला होणारी बारीकसारीक गोष्टही टिपते. एरवी तीच गोष्ट कामाच्या रगाड्यात निसटते. आयव्हीएफ किंवा आययूआय अशा वंध्यत्वावरच्या उपचारांनंतर प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या चालू असलेल्या बायकांना तर ही लक्षणं ठळक जाणवतात, ती गोळ्यांची असतात.

खरी लक्षणं सुरू कधी होतात, याचंही उत्तर त्याच नॉर्थ कॅरोलायनातल्या स्त्रियांच्या रोजनिशीतून मिळालं. शेवटच्या पाळीपासून मोजलं तर पाचव्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत साधारण निम्म्या जणींना काहीतरी जाणवू लागलं होतं. आठव्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत जवळपास ९० टक्के जणींना. म्हणजे पाळी चुकली त्या आठवड्यात निम्म्या बायकांना काहीच होत नाही, आणि दहातल्या एकीला दोन महिने पुरे झाले तरी काही विशेष वाटत नाही. या दोन्ही प्रकारच्या बायकांनी धडधाकट बाळांना जन्म दिला, कारण हा हिशोब बाळंत झालेल्या बायकांचाच होता.

सुरुवात बहुधा थकव्याने होते. दुपारचं जेवण झालं की डोळे उघडे राहत नाहीत. स्तन भरतात, टोकांना कपडा लागला तरी हुळहुळतं. लघवीला जास्त वेळा जावं लागतं, कारण मूत्रपिंडांतून जाणारं रक्त वाढायला लागतं. जळजळ किंवा ताप असेल तर मात्र तो संसर्ग, त्याची तपासणी करायची. वासांचं तर विचारू नका. फोडणीचा, शिजत्या भाताचा, नवऱ्याच्या तेलाचा, आयुष्यभर आवडलेल्या चहाचा वास नकोसा होतो. मळमळ यानंतर येते. ती बहुतेकींना पाचव्या-सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असते आणि बाराव्या ते सोळाव्या आठवड्यादरम्यान ओसरते. सकाळीच होते असं नाही. संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी उलट्या होणाऱ्या खूप जणी आहेत. दहातल्या सात-आठ जणींना कमीअधिक मळमळ होते, बाकीच्यांना होत नाही.

माती, खडू, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणं हे आपल्याकडे डोहाळ्यांत मोजतात आणि हौसेने पुरवतात. मी ते तसं सोडून देत नाही. बऱ्याचदा त्यामागे लोह कमी असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या निम्म्याहून अधिक गर्भवतींमध्ये रक्त कमी आढळलं होतं. असा डोहाळा लागला की आधी हिमोग्लोबिन बघायचं.

आता जाऊबाई. त्यांना पाळी चुकायच्या आधी उलट्या झाल्या हे त्या खरंच सांगत असतील. त्यांचं बीज लवकर पडलं असेल, पित्त असेल, किंवा आठवणीत दोन-चार दिवस इकडेतिकडे झाले असतील. पण एकीला कडक डोहाळे आणि दुसरीला काहीच नाही, हे का होतं याचं उत्तर अलीकडे बरंच स्पष्ट झालंय. गर्भ आणि वार मिळून जीडीएफ१५ नावाचं संप्रेरक तयार करतात आणि ते मेंदूतल्या मळमळीच्या केंद्रावर काम करतं. २०२३ साली मार्लेना फेझो, स्टीफन ओ'राहिली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्यांच्या रक्तात गर्भारपणाच्या आधी ते कमी असतं, त्यांना त्याची सवय नसते आणि म्हणून त्यांना त्रास जास्त होतो. यात आनुवंशिक भाग आहे. तेव्हा तुलना करायचीच असेल तर जावेपेक्षा आईला आणि सख्ख्या बहिणीला विचारा. तरी तेही पक्कं नाही, कारण एकाच बाईचं पहिलं आणि दुसरं गर्भारपण वेगळं जातं. जुळी असली तर त्रास बहुधा जास्त. उलट्या सहन न करणारी नाजूक असते, किंवा तिचं मन तयार नसतं, असं कोणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका, ते चूक आहे.

मळमळ जास्त म्हणजे मुलगी, कमी म्हणजे मुलगा, हेही तुम्हाला कोणीतरी सांगेलच. हजारो बायकांच्या आकड्यांत अगदी बारीक फरक दिसतो, पण एका बाईच्या उलट्यांवरून तिच्या पोटात काय आहे हे सांगता येत नाही. गर्भलिंग तपासणीवर कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ साली. त्यानंतर १९९४ चा केंद्रीय कायदा आला. एवढं होऊनही पहिल्या महिन्यातच हा विषय घरात सुरू होतो याचं मला दुःख वाटतं. तो तुम्ही तुमच्या खोलीच्या दारातच थांबवा.

दुसरा गैरसमज रक्ताच्या डागाचा. गर्भ रुजताना डाग दिसतो, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. त्याच अभ्यासातल्या बायकांमध्ये पहिल्या आठ आठवड्यांत दहातल्या एकीला कधीतरी डाग किंवा थोडं अंगावरून गेलं, पण ते बहुतेक पाळीच्या तारखेच्या आसपास किंवा नंतर. रुजण्याच्या दिवशी रक्त दिसलेली एकच बाई निघाली. तेव्हा डाग दिसला म्हणून पेढे नकोत, आणि नाही दिसला म्हणून निराशाही नको. पाळीच्या तारखेला नेहमीपेक्षा कमी जाऊन थांबलं, तर मात्र ती पाळी धरून चालू नका. दोन दिवसांनी टेस्ट करा. अशाच चुकीने दोन-दोन महिने पोटात गर्भ असल्याचं न कळलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

टेस्ट ९ किंवा १० सप्टेंबरला करा. त्याआधी नको. घाई नको म्हणण्यामागे आणखी एक कारण आहे: रुजलेल्या गर्भांपैकी साधारण पाचातला एक अगदी सुरुवातीच्या दिवसांतच गळतो आणि पाळी जवळजवळ वेळेवर येते. रोज टेस्ट करणाऱ्या बाईला दोन रेघा दिसतात, आठवड्यात जातात, आणि एरवी जे कळलंही नसतं त्याचं दुःख तिच्या वाट्याला येतं. सकाळची पहिली लघवी घ्या, रात्री उशिरा तांब्याभर पाणी पिऊ नका, पाकिटावर दिलेल्या वेळेतच वाचा. त्या वेळेत फिकट दिसली तरी ती दुसरी रेघच. एचसीजी सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांत दुप्पट होतं, म्हणून दोन दिवसांनी ती गडद व्हायला हवी. अर्ध्या तासाने उगवलेली राखाडी रेघ धरायची नाही. वंध्यत्वाच्या उपचारात बीज फोडण्यासाठी एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर दहा ते चौदा दिवस टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. महागड्या किटची गरज नाही. गावात आशाताईंकडे निश्चय किट मोफत मिळतं, तेही तितकंच चालतं.

दोन रेघा आल्या तर तुमच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण लांब पाळीच्या बायकांना इथे विनाकारण रडावं लागतं. तुमच्या पाळीच्या तारखेवरून १५ सप्टेंबरला सहा आठवडे भरतात. त्या दिवशी सोनोग्राफी केली तर ठोका दिसणार नाही, कदाचित पिशवीही जेमतेम दिसेल, आणि कोणीतरी म्हणेल की गर्भ वाढत नाहीये. खरं तर बीज साधारण आठ दिवस उशिरा पडल्यामुळे तो तेव्हा पाच आठवड्यांचाही नसेल. ठोका सहा ते साडेसहा आठवड्यांना दिसतो. त्यामुळे दुखत नसेल, जात नसेल, तर पहिली सोनोग्राफी ३० सप्टेंबरच्या सुमारास करा आणि डॉक्टरांना आपली पाळी ३६ दिवसांची आहे हे आधी सांगा. एका सोनोग्राफीत ठोका नाही म्हणून लगेच पिशवी साफ करायला होकार देऊ नका. आठवडा-दहा दिवसांनी पुन्हा बघू द्या.

लक्षणं मध्येच कमी झाली तरी घाबरू नका. मळमळ एक दिवस असते, दुसऱ्या दिवशी नसते. मळमळ असणाऱ्यांमध्ये गर्भपाताचं प्रमाण कमी दिसतं हे खरं, पण म्हणून नसणाऱ्यांचा गर्भ धोक्यात असतो असा त्याचा अर्थ नाही.

काही गोष्टींत मात्र एक दिवसही वाट पाहायची नाही. पाळी चुकलेली किंवा टेस्ट पॉझिटिव्ह, आणि ओटीपोटात एका बाजूला टोचून दुखतंय, खांद्याच्या टोकाला दुखतंय, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येतेय, सोबत थोडा डाग, असं झालं तर गर्भ नलिकेत राहिलेला असू शकतो. ती नलिका फुटली तर पोटात रक्तस्राव होतो आणि बाई काही तासांत जाऊ शकते. घरात गौरी जेवत असल्या तरी उठून सोनोग्राफी आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जायचं. पॅडच्या पॅड भिजत असतील तरीही तेच. आणि उलट्या अशा की पाण्याचा घोटही टिकत नाही, लघवी दिवसभर झाली नाही किंवा गडद पिवळी होतेय, वजन उतरतंय, तर "डोहाळे आहेत, सोसायचं असतं" हे कोणाचं ऐकू नका. सलाइन लागतं, आणि गर्भाला अपाय न करणारी औषधं आहेत. डॉक्सिलामिन आणि पायरिडॉक्सिनची गोळी तर कित्येक दशकं वापरात आहे.

फोलिक ॲसिड चालू केलं नसेल तर आजपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्या, टेस्टची वाट पाहू नका. बाळाच्या मेंदूची आणि पाठीच्या कण्याची नळी बीज फळल्यापासून चार आठवड्यांत मिटते, आणि तोवर बहुतेक बायकांची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. दुसरं कुठलंही औषध, पेनकिलरसुद्धा, विचारल्याशिवाय नको. गौरीच्या तयारीत उभं राहणं, जिने चढणं, पुरणपोळ्या लाटणं याने काही बिघडत नाही; दमलात की बसा.

९ तारखेला पाळी आली तर पुढच्या महिन्यात चौदाव्या दिवसावर भर न देता १७ व्या ते २३ व्या दिवसापर्यंत एक दिवसाआड संबंध ठेवा. ३५-३६ दिवसांची पाळी नियमित असेल तर तो आजार नाही, ३८ दिवसांपर्यंतची पाळी सामान्यच धरतात. १६ तारखेपर्यंत पाळीही नाही आणि रेघही एकच, असं झालं तर डॉक्टरांकडे जा. रक्तातलं बीटा एचसीजी, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन एकदा बघून घेतील, आणि या महिन्यात बीज उशिरा पडलं का, तेही सोनोग्राफीत कळेल.